उपडं मडकं

तो व्हिडिओ बावीस सेकंदांचा होता. जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आला. शेतात जाळ पेटलेला. जाळाच्या उजेडात पिवळा टी-शर्ट घातलेला एक काळाकभिन्न परदेशी तरुण. तो काठीने पेटता पेंढा बाजूला सारतो, मधल्या काळ्याठिक्कर गोल वस्तूवर पाणी शिंपडतो, काहीतरी पुटपुटतो आणि ती वस्तू काठीने आडवी पाडून तिच्या तोंडातून पानात गुंडाळलेलं पांढरट असं काहीतरी बाहेर ओढतो. मागे ढोल घुमताहेत. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कोकणात शिरलेल्या आफ्रिकन टोळीचा अघोरी प्रकार. मुलांना एकटं सोडू नका.’

माझ्या अंगावर काटा आला. गॅसवर चहा होता तो उतू गेला, आणि ओटा पुसायच्या आधी मी तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवून मोकळी झाले. वर माझ्याकडून एक ओळही जोडली, ‘सगळ्यांनी काळजी घ्या.’ सोबत दोन हात जोडलेले.

मी पेणला रामवाडीत राहते आणि एकतीस वर्षं इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. पाचवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात निरीक्षण, दुसऱ्यात अनुमान. मेणबत्ती पेटवायची आणि मुलांना विचारायचं, काय दिसतं? कोणी म्हणालं, ‘बाई, मेणबत्ती गरम आहे,’ की मी त्याला फैलावर घ्यायची. गरम दिसतं का रे? तुला ज्योत दिसते. गरम आहे हे तू ठरवलंस. गावात अजूनही बाप्ये झालेले विद्यार्थी भेटले की ‘बाई, गरम दिसतं का?’ म्हणून चिडवतात. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, माझ्या हातून काय झालं ते नीट कळावं.

मंगळवारी सकाळी रोह्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचे यजमान गेल्यापासून ती एकटीच असते. वरची खोली भाड्याने देते.

“ताई, तू पाठवलेला तो माणूस माझ्या वरच्या खोलीत झोपलाय गो,” ती म्हणाली.

टांझानियाचा हा तरुण ऑगस्टपासून तिच्याकडे राहत होता. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत प्रशिक्षणाला आलेला. कंपनीतल्या कोणा मित्राने रोह्यात त्याच्यासाठी घरोघर विचारलं, सगळीकडे नन्नाचा पाढा, शेवटी माझ्या बहिणीने खोली दिली. मला तेव्हा तिचं कौतुकही वाटलं होतं आणि थोडी भीतीही. मी त्याला कधी भेटले नव्हते. पण फोनवर त्याच्या गोष्टी रोज ऐकायची. आमचा पाहुणा असं तिने त्याचं नावच पाडलं होतं. पाहुण्याने सिलिंडर आत आणून दिला. पाहुण्याला तांदळाची भाकरी आवडते, चार खातो. पाहुणा मला काकी म्हणतो, आणि पहिल्या शिफ्टची बस पकडायला निघाला की ‘काकी, येतो हां’ असं सांगून जातो.

“तोच कशावरून?” मी विचारलं.

“पिवळा टी-शर्ट मीच वाळत घालते ना. समोरच्यांनीही ओळखला. त्यांची नातवंडं लहान आहेत. म्हणाले, वहिनी, उद्या काय झालं तर जबाबदारी तुमची. सगळी आळी माझ्या दारात. मी काय करू? म्हटलं, रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगते. पण ताई, मला नाही जमायचं त्याला सांगायला. तुझं इंग्रजी चांगलं आहे. शनिवारी ये आणि तू सांग.”

मी ‘येते’ म्हणाले. तो व्हिडिओ खरा असेल का, असा प्रश्न तोवर माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मनात एवढंच होतं की बरं झालं, वेळेत कळलं.

बुधवारी बाजारात गेले. थंडीत पेणच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात. माझी नेहमीची शेंगावाली खाडीलगतच्या खारेपाटातली, तिची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. गिऱ्हाईक होतं म्हणून मी बाजूला उभी राहून पुन्हा तो व्हिडिओ बघत होते. चारचौघांत ढोल नकोत म्हणून आवाज बंद केला होता आणि खालची लाल अक्षरं माझ्या अंगठ्याखाली झाकली गेली होती. हा निव्वळ योगायोग. शेंगावालीने वजन करता करता मान वाकडी करून बघितलं.

“काय गो बाय, फोनमदी पोपटी बघतेस नि हितं शेंगा घ्यायला आलीस?”

“कसली पोपटी?”

“ही काय! मडका हाय ना उपडा. तोंडाला पाला कमी कोंबलाय, शेंगा करपल्या आसतील. कुनाची गो पोपटी?”

मी फोनकडे बघितलं. मडकं होतं. उपडं मडकं. बाजूला पडलेला पाला भांबुर्डीचा होता, जो त्या क्षणी माझ्या पिशवीपासून हातभर अंतरावर जुड्या बांधून विकायला ठेवला होता. आमच्याकडे थंडीत ज्याने पोपटी लावली नाही असं घर सापडायचं नाही. मडक्यात पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, मसाला लावून पानात बांधलेलं कोंबडीचं मटण, वर पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र झालं आणि पाणी क्षणात सुकलं की पोपटी झाली. मी जन्मभर हे पाहिलं, केलं, खाल्लं. आणि तो माणूस मडक्यावर पाणी शिंपडत होता तेव्हा मला त्यात अघोरी पूजा दिसली होती.

“अगो, पण तो माणूस बघ ना,” मी म्हणाले.

“बघितला की. काला हाय. मग? आमचा बी मिठागरावं राहून असाच झाला व्हता,” असं म्हणून तिने शेंगा पिशवीत ओतल्या.

मी घरी आले ती जवळजवळ पळतच. शरम वाटली का? वाटली, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला मजा वाटली. शाळा सुटल्यापासून असा प्रयोग हाती लागला नव्हता. जे तिला एका नजरेत दिसलं ते मला पुन्हा पुन्हा बघून का दिसलं नाही? माझी नजर बरी आहे, मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली. मग आड काय आलं? अक्षरं, ढोल, की त्याचा चेहरा?

बहिणीला लगेच फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. मग वाटलं, नको, शनिवारी समोर बसून सांगू, तिचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि तोवर थोडी जास्त माहितीही जमेल.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी तो व्हिडिओ घेऊन रामवाडी पालथी घातली. काहींना आवाज बंद करून, अक्षरांवर अंगठा ठेवून दाखवला. काहींना ढोलांसकट, अक्षरांसकट. प्रश्न एकच, काय दिसतं?

अंगठ्याखालून बघणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी पोपटी ओळखली. ब्लाउज शिवणारी म्हणाली, कोणी फॉरेनर पाहुणा दिसतोय, त्याला कामाला लावलाय. औषधाच्या दुकानातला म्हणाला, पेंढा ओला आहे, धूर बघा. ढोलांसकट बघणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले भाऊ दर जानेवारीला आपल्या पोपटीच्या फुशारक्या मारतात. ते म्हणाले, “अघोरी! ती कवटी आहे का?” मी म्हटलं, भाऊ, कडेला एक हात दिसतोय तो बघा. मी स्वतःही तो आदल्या दिवशीच पाहिला होता. कडेला स्टीलचं ताट धरलेला एक हात होता, मनगटावर लाल दोरा, घड्याळ. आपल्याकडच्याच कोणाचा तरी. भाऊंनी नीट बघितलं आणि म्हणाले, “अरेरे, ह्या बिचाऱ्याला भूल घातली असणार.”

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पुरावा समोर ठेवला तर माणसाने तोच दुसऱ्या बाजूला वापरला होता.

मग मी अंगठा ठेवून पुन्हा दाखवला आणि सांगितलं की ही पोपटी आहे. भाऊंनी चष्मा पुसला. “हो, मडकं आहे खरं. पण…” एवढं बोलून ते थांबले. “पण काय, भाऊ?” “तसं नाही. पण काळजी घेतलेली बरी.”

त्या ‘पण’ने मला रात्रभर पुरेल इतकं खाद्य दिलं. मडकं दिसलं, पाला दिसला, ताट दिसलं, तरी ‘पण’ शिल्लक राहतोच. म्हणजे अक्षरांनी तो घातला नव्हता, तो आधीपासून आत होता. अक्षरांनी त्याला फक्त हाक मारली. आणि हे भाऊंचंच नव्हे, माझंही. मी स्वतः सावळी. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून ‘मुलगी हुशार आहे, पण’ असाच निरोप आला होता. धाकटी उजळ, तिचं आधी जमलं. त्यामुळे रंगावरून माणूस तोलण्याचा हा रोग आपल्याला होणं शक्यच नाही, अशी माझी चाळीस वर्षं समजूत होती. तो माझ्यातही होता. मला फक्त माझ्याहून काळा माणूस भेटायचा बाकी होता.

एवढं सगळं मला उमगलं आणि मी खूश झाले. वहीत दोन रकाने आखून सगळ्यांची उत्तरं लिहून काढली. त्या दोन दिवसांत घरच्या ग्रुपवर मात्र मी एक ओळ लिहिली नाही. तिथे माझे जोडलेले हात तसेच होते आणि खाली नातेवाइकांचे अंगठे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघाले. खिडकीची जागा मिळाली. कासू स्टेशनच्या पुढे एका शेतात पेंढा जळाल्याचं काळं वर्तुळ दिसलं आणि मला हसू आलं. वही पर्समध्ये होती. बहिणीला काय काय सांगायचं याची मी मनात उजळणी केली, भाऊंची नक्कलसुद्धा.

बहिणीने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

“काल सांगून टाकलं त्याला,” ती म्हणाली. “मला राहवलंच नाही. समोरचे पुन्हा आले होते. तो शिफ्टवरून आला, मी फोन त्याच्यापुढे धरला, म्हटलं, हा तूच ना? त्याने तो शेवटपर्यंत बघितला ताई. मग म्हणाला, काकी, मी उद्या जातो. जेवलासुद्धा नाही.”

मी वही न काढताच सगळं सांगितलं. व्हिडिओ लावून आवाज बंद केला, अक्षरांवर अंगठा ठेवला. तिला एक क्षणही लागला नाही. तिने कपाळावर हात मारला.

“अगो बाई! पोपटीच की! हे तुला कधी कळलं?”

“बुधवारी.”

“बुधवारी?” ती म्हणाली. “आणि आज शनिवार आहे.”

मी आयुष्यात बऱ्याच जणांची बोलणी खाल्ली आहेत, पण तिने नुसते वार उच्चारले तेवढे मला कधी लागले नव्हते. तिचं तोंड बघण्यासारखं होईल असं मला वाटलं होतं. ते मला बघवेना.

आम्ही दोघी वर गेलो. खोली झाडलेली होती, बॅग भरलेली. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर एक काजळलेलं मडकं होतं. तो उठून उभा राहिला, उंच, बारीक, पिवळ्याऐवजी पांढरा शर्ट घातलेला. त्याने मला वाकून नमस्कार केला. तो त्याला बहिणीनेच शिकवलेला असणार. मग मला खुर्ची दिली.

मी इंग्रजीत विचारलं, ते मडकं कुठलं? तो म्हणाला, कंपनीतल्या मित्राच्या गावी पोपटी लावली होती. पहिली पोपटी, म्हणून आठवणीला ठेवलं. मग विचारायच्या आधीच त्याने फोनवर पुरा व्हिडिओ लावला. चांगला नऊ-दहा मिनिटांचा. ढोल नव्हते. मित्राची आई मडक्यात पाला लावून दाखवत होती, कोणीतरी ओरडत होतं, “अरे ओवा टाक, ओवा!” मित्र त्याला पाणी शिंपडायला शिकवत होता आणि म्हणत होता, चर्र झाला का बघ. मी जे पुटपुटणं म्हणून पाहिलं होतं, ते तो ‘चर्र, चर्र’ असं म्हणून बघत होता. शेवटी सगळे हसले. मित्राने हौसेने स्टेटसला टाकला होता, तिथून कोणी उचलला, कोणी कापला, कोणी ढोल घातले, त्याला माहीत नव्हतं.

“तू नको जाऊस,” बहीण म्हणाली. “मी चुकले रे. समोरच्यांना मी बघते. ताई आलीय, ती सांगेल सगळ्यांना.”

तो मराठीत म्हणाला, “काकी, मी तुमच्यावर रागावला नाय. पण आता ते लोक मला बघतील ना, तेव्हा मला झोप नाय येणार.”

तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. मित्र त्याला न्यायला आला होता. त्याच्या मनगटावर लाल दोरा होता, घड्याळ होतं. धाटावहून आत सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. प्रशिक्षण संपायला अजून दहा आठवडे होते, तेवढे दिवस तिकडेच राहील म्हणाला.

“तुमच्याकडे कोणी काही बोललं नाही का?” मी विचारलं.

“नाय. आमच्या आयनी ह्याला आधी बघितलाय. व्हिडिओ मागून आला.”

एवढं सोपं उत्तर माझ्या वहीत कुठे नव्हतं.

बहिणीने भाकऱ्या बांधून दिल्या. समोरच्या घरातल्या खिडकीचा पडदा हलला आणि तसाच राहिला. वर खोलीत बसून मी त्याला ‘कोणीतरी पाठवला’, ‘लोक विचार करत नाहीत’ असं बरंच बोलले होते, सगळं तिसऱ्या माणसाबद्दल. तो ऐकून घेत होता. आता तो मागच्या सीटवर बसला, बॅग पाठीला, मडकं मांडीवर. मित्र किक मारणार, तेव्हा मला कळलं की आता नाही तर कधीच नाही.

मी पुढे झाले आणि म्हणाले, “तो व्हिडिओ तुझ्या काकींना मीच पाठवला होता.”

“हो, मला माहीत आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “काकींनी फोन पुढे धरला, तेव्हा वर ‘ताई’ असं नाव आणि तुमचा फोटो होता.” तो चिडलेला नव्हता. मडकं त्याने जरा सरळ केलं. “काकी तुमच्याबद्दल सारखं सांगतात. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. मुलांना नीट बघायला शिकवायची. म्हणून काल रात्री मी स्वतःला सांगितलं, त्या टीचर आहेत, पोपटीच्या गावच्या आहेत. त्या फोन करतील आणि काकींना सांगतील, मडकं बघ.”

मग तो बहिणीकडे वळून म्हणाला, “काकी, येतो हां.”